सुटा वाडगा मिळणार नाही

श्रूजबरीतल्या आमच्या शेजारच्या काकांइतका विक्रीला नालायक माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडणार नाही. मी रिकाम्या हाताने येऊन इथे दुकान उभं केलं, लोकांना नको असलेला मालही त्यांच्या गळ्यात मारला. पण २००५ च्या उन्हाळ्यात काकांच्या गराजमध्ये माझी जी शोभा झाली, तिचा राग अजून पुरता गेलेला नाही.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. त्यांना नाद चिनी मातीच्या वाडग्यांचा, आणि त्यातही नक्षीचा नाही, आकाराचा. कुणाकडे जेवायला गेले की घाईघाईने आमटी संपवून वाटी उलटी करायचे आणि बूड बघायचे. एका मुंजीत त्यांनी शेजारच्याचीही वाटी उलटली. श्रीखंड घट्ट होतं म्हणून निभावलं. घरी फडताळात वाडगे चिनी राजवटींच्या क्रमाने मांडलेले. तांगांचा बसका, रुंद बुडाचा. सुंगांचा गवती टोपी उलटी ठेवल्यासारखा, बूड एवढंसं. मग युआनांचा जाड, दांडगा, मिंगांचा पोट सुटलेला आणि शेवटी छिंगांचा, पातळ अंगाचा, काठ बाहेर वळलेला. बहुतेक नकलाच. "असेना नक्कल, आकार खरा आहे ना?" असं म्हणायचे. काकू होत्या तोवर युआनात खुशाल कणीक भिजवायच्या.

काकू गेल्या आणि टेक्ससात प्लेनोला राहणाऱ्या मुलीने काकांना कायमचं बोलावलं. तिथे त्यांना एक खोली मिळणार होती, फडताळ नाही. घर विकायला काढण्याआधी वाडगे खपवायचं काम काकांनी माझ्यावर टाकलं. "तू विकशील रे. तू काहीही विकतोस."

शनिवारी गराज उघडून वाडगे विक्रीला मांडले. एका बाईंनी मिंग उचलला, दाराशी किल्ल्या टाकायला. मी भाव जुळवत आणला, तेवढ्यात काका आतून आले.

"तो सुटा मिळणार नाही. आधीचा युआन पाहिल्याशिवाय याचं पोट का सुटलं ते कळत नाही. आणि युआन नेलात तर सुंगही न्यावा लागेल."

"मला फक्त किल्ल्या ठेवायच्यात," बाई म्हणाल्या.

"मग प्लास्टिकचा घ्या."

बाई गेल्या. दुपारी एक गृहस्थ पाचही वाडगे घ्यायला तयार झाले. काकांनी विचारलं, "मांडणार कसे?"

"मोठ्यापासून लहान."

"म्हणजे युआन तांगच्या आधी? नाही जमायचं."

ते गृहस्थ गाडीत बसेपर्यंत मी कसाबसा गप्प राहिलो. मग मात्र भडकलो. "काका, तुम्हाला हे विकायचेच नाहीत."

काका खुर्चीत बसले. "मला जायचंच नाही रे. पण ती एवढ्या प्रेमाने बोलावते, तिला नाही कसं म्हणू?"

प्लेनोला फोन मीच लावला. म्हटलं, "ताई, माल काही खपला नाही. मला जमलं नाही." असं वाक्य मी त्याआधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. पलीकडून ती म्हणाली, "मग बाबांना राहू दे का दादा, यंदा तिथेच?" तिचा आवाजही सैल झाल्यासारखा वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा विचारणार, हे काकांना आणि मला माहीत होतं. तेव्हा काय सांगायचं ते माहीत नव्हतं. काका वाडगे पुसत बसले. माझं दुकान बंद करायला जायची वेळ झाली होती, तरी मी उठलो नाही.