फिरकीतली हळद

घरातली कुठलीही वस्तू बिघडली की मी आधी भडकते आणि मग पाना शोधते. त्या शुक्रवारीही तसंच झालं.

कडेगावजवळ आमचं गाव. तिथं ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आमच्या लेकीची बॉक्सिंगच्या सरावाची स्पीड बॅग टांगलेली आहे. नारळापेक्षा जरा मोठी, हवा भरलेली चामड्याची पिशवी. वर जाड फळी, फळीच्या खालच्या अंगाला लोखंडी फिरकी आणि फिरकीच्या आकड्याला ही पिशवी. ठोसा बसला की ती फळीवर आपटत तडतड वाजते. त्या आवाजाची मला इतकी सवय झालीय, की संध्याकाळची भाकरीही त्याच तालात थापली जाते.

दसरा झाला आणि तो ताल बिघडला. पिशवी मध्येच अडायची, तिरकी व्हायची आणि लेकीच्या नाकावर यायची. रविवारी साताऱ्यात तिची निवड चाचणी होती. डावा हात आळशी, म्हणून बॅग रोज मारायचीच, असं तिच्या सरांनी बजावलेलं. पण खरं सांगायचं तर निवडीपेक्षा तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. आपल्या बापानं एकदा तरी समोर बसून आपल्याला खेळताना बघावं, एवढंच तिला हवं होतं.

आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले, आता ऊस बघतात. बॉक्सिंगचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. "पळ, कबड्डी खेळ. त्वांड फोडून घ्यायचा कसला आलाय ख्योळ?" एकाही सामन्याला ते आले नव्हते. बॅग अडतेय म्हटल्यावर म्हणाले, "बरं झालं. काढून ठिवा."

झालं! यांनीच काहीतरी करून ठेवलंय, याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही. मी जो तोंडाचा पट्टा सुरू केला, तो ऐकून ते म्हशीला वैरण टाकायला निघून गेले. भांडणात म्हैस त्यांच्या बाजूची असते.

मी विश्रामबागेत एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळे स्क्रू बघून मला घाम फुटत नाही. स्टुलावर चढले आणि फिरकी उतरवली. आत एका वाटीत लोखंडी गोळा बसवलेला असतो. तो मोकळा फिरला तर पिशवी फिरते. इथं गोळा जागचा हलेना. वाटीचे स्क्रू काढले, तर आत ट्रॅक्टरचं घट्ट ग्रीस ठासून भरलेलं. आणि त्या ग्रीसमध्ये हळद, कुंकू, झेंडूची पाकळी आणि अक्षतांचे दोन-चार तांदूळ. एक तांदूळ गोळ्याच्या कडेला पाचर मारल्यासारखा बसला होता.

मी बघतच राहिले. खंडेनवमीला आमच्याकडं ट्रॅक्टर, मोटार, विळे, कोयते सगळं पुजलं जातं आणि ती पूजा यांचीच असते. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत.

"आवं, हिकडं या जरा!"

ते आले. माझ्या तळहातावरचा तो लालपिवळा चिखल बघून मान खाली घातली.

"हत्यार हाय. पुजायला नको व्हय?"

"आन् ग्रीस?"

"ट्रॅक्टरच्या सांध्यास्नी मारलं, तवाच हितंबी मारलं."

"मग रोज बंद करा बंद करा म्हणताय ते?"

"ते आजबी म्हणतुय," ते म्हणाले. "पर खेळतीया तवर तिला संभाळ म्हणून देवाला सांगायला नको?"

लेक दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि डिझेलचा डबा पुढं केला. माझा राग कुठल्या कुठं गेला, उलट रडू यायला लागलं. ते लपवायला मी गोळा खसाखसा धुतला, वाटी चिंधीनं पुसून काढली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि स्क्रू बेतानं आवळले. लेकीनं ठोसा मारला. तडतड सुरू झाली. हे तिथंच उभे राहिले. म्हैस हंबरत होती तरी हलले नाहीत.

रविवारी ते साताऱ्याला आले. कुणी आग्रह केला नव्हता, इस्त्रीचा शर्ट घालून आपणच गाडीत बसले. मात्र सामना सुरू झाला आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. शेवटी मीच कोपरानं ढोसलं, "उघडा. जिंकली."

ते ताडकन उठून तिच्याकडं गेले. शाबासकी नाही, काही नाही. दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि नाक, ओठ, हनुवटी अंगठ्यानं चाचपायला लागले. बाकीच्या पोरी बघून हसत होत्या. मघाशी कुणालाही तोंडाजवळ येऊ न देणारी आमची लेक, त्यांचं समाधान होईपर्यंत मान वर करून गप उभी राहिली.