नंदूला कोट घालू नका

नंदू गेल्याची बातमी मला सोसायटीच्या ग्रुपवर कळली. वर ‘उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवा’, खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि मधे आमचा नंदू. मी किंचाळले. हौशी नाटकांत आयुष्य घालवलेल्या बाईचं किंचाळणं पार गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोचतं, तसं ते पोचलं. आदल्याच संध्याकाळी हा माणूस माझ्या दारात छाती चोळत उभा होता. ‘जरा जळजळतंय गं. रविवारी अस्वल तूच हां.’ मी म्हटलं, ‘आधी डॉक्टरकडे जा, गाढवा.’ तर म्हणे, ‘रविवार होऊ दे, मग बघू.’ रविवार झालाच नाही... आणि त्या एका वाक्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पण खरा संताप आला तो तिसऱ्या दिवशी. गेटवर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, दोन बाजूंना समया, आणि मधे नंदू... कोट-टायमध्ये! हा फोटो मला पाठ होता, कारण तो मीच काढला होता. त्यात त्याच्या अंगात काळा टी-शर्ट होता, त्यावर पांढरा खेकडा गिटार वाजवतोय. फ्लेक्सवाल्याने खेकडा पुसून कोट चढवला. सेक्रेटरीसाहेबांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, ‘अहो मॅडम, गेलेला माणूस जरा बरा दिसला पाहिजे ना.’ बरा! लग्नातसुद्धा ज्याने कोटाला हात लावला नाही, त्याला मेल्यावर कोट. पळून जाता येत नाही ना आता.

तो खेकडा तुर्भ्यातल्या एका गाळ्यात तालीम करणाऱ्या चार पोरांच्या बँडचा. त्यांची गाणी त्यांच्या आयांनासुद्धा आवडत नसत. नंदूला मात्र तोंडपाठ. पावणे एमआयडीसीतल्या कंपनीतून स्टोअरचं काम आटपून हा थेट गाळ्यात. कार्यक्रम कुठेही असो, पन्नाशीचा हा टकल्या पहिल्या रांगेत उभा, आणि गाणं संपलं की गायकाला गाठून, ‘दुसरं कडवं खोटं लिहिलंयस. पहिलं ऐकून रडलो, दुसऱ्याला जांभई आली.’ पोरं चिडायची आणि पुढच्या वेळी कडवं बदलून आणायची. त्याचं दुसरं वेड म्हणजे लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. परदेशी, महागडी, जुन्या बाजारातली, कोपरे कुरतडलेली, कुठलीही. मी एकदा विचारलं, ‘अरे, ढणढणाट आणि ससुल्या, एका डोक्यात मावतात कसे?’ तर म्हणाला, ‘एकच आहे गं ते. दोघांकडे शब्द थोडे. म्हणून दोघांना थापा मारता येत नाहीत.’

मग दोन्ही वेडांचं लग्न लावून दिलं पठ्ठ्याने. रविवारी सकाळी क्लबहाउसच्या मागच्या खोलीत मुलं सतरंजीवर, नंदू स्टुलावर, बाजूला गिटार आणि ड्रम. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरलेलं आणि गोष्ट तोंडपाठ. त्याचा अंगठा पानाखाली सरकला की ड्रमवाला काठ्या उचलून धरायचा. पान उलटेपर्यंत खोलीत श्वाससुद्धा नाही... आणि मग धडाम! पुस्तकातल्या इंग्रजी ओळींवर त्याने मराठी पट्ट्या चिकटवल्या होत्या. ससा शाळेतल्यासारखं बोलायचा, कोल्हा टीव्हीवरच्या बातम्यांसारखं, आणि अस्वल, म्हणजे अस्मादिक, दिवाळे कोळीवाड्यातल्या कोळिणीसारखं. नंदू मूळचा दिवाळ्याचा. ‘मी हाय ना! तू कनाला घाबरतंस?’ असं अस्वल गरजलं की मुलं सतरंजीवर लोळायची.

तक्रार आलीच. ‘मुलगी घरी “हाय, नाय” बोलायला लागली. एवढी फी भरतो आम्ही शाळेची.’ नंदूने त्या आईला हात जोडून विचारलं, ‘वहिनी, पापलेट कोणाकडून घेता?’ ‘दिवाळ्याच्या मावशीकडून.’ ‘तिच्याशी काय इंग्रजीत भाव करता?’ बाई लाल झाल्या. रविवार चालू राहिला.

तेराव्यानंतर कमिटी नंदूच्या घरी आली. मी तिथेच होते. सेक्रेटरीसाहेबांनी मोठ्या मायेने सांगितलं, की खोलीला नंदूचं नाव द्यायचं ठरलंय. ‘स्वर्गीय नंदकुमार बालसंस्कार वर्ग. पुस्तकं तिथेच राहू द्या, वहिनी. फक्त तुमची परवानगी हवी.’ सुनंदा, त्याची बायको. तिला त्या ढणढणाटाने डोकेदुखी व्हायची, रविवारी ती खोलीकडे फिरकतही नसे. मला धडकी भरली, ही ‘हो’ म्हणणार. नवऱ्याचं नाव दारावर लागतंय, कोण नाही म्हणेल?

सुनंदाने विचारलं, ‘ड्रम असेल?’

‘नाही हो. श्लोक, पाढे, जरा शिस्त...’

‘आणि अस्वल कसं बोलेल?’

साहेब हसले. ‘वहिनी, त्या पट्ट्या आपण काढून टाकू. शुद्ध बोलेल.’

‘मग तुमचं नाव द्या खोलीला,’ सुनंदा म्हणाली. ‘चहा घेणार?’

कमिटीने चहा घेतला नाही. त्याच दुपारी मी, सुनंदा आणि बँडच्या पोरांनी टेम्पोत पुस्तकं भरली आणि दिवाळ्याला नंदूच्या आईच्या अंगणात उतरवली. आय म्हातारी, पण अजून मासळी घेऊन बाजारात बसते. लेक गेल्यापासून मात्र ती घरातच होती, कुणाशी बोललेली नव्हती.

पहिल्या रविवारी वस्तीतली पोरं आली, आणि सोसायटीतलीही आली, आयांना बरोबर घेऊन, रिक्षा करून. मी अस्वल झाले. रंगभूमीवरचा सगळा अनुभव ओतून गरजले. आय कोपऱ्यात सुकटीचा जवळा निवडत होती. एकदम ओरडली, ‘ए बाय! तसा नाय बोलत आमी. कोन शिकवला तुला?’

‘तुमच्या नंदूनेच, आय.’

‘त्याला तरी कुठं येत व्हता धड! शिकला नि बिघडला.’ हात तसेच, जवळ्याचे, लुगड्याला न पुसता तिने माझ्याकडून पुस्तक ओढून घेतलं. तिला वाचता येत नाही. तिने चित्रातल्या अस्वलाकडे बराच वेळ पाहिलं... आणि बोलायला लागली. अस्वल सशाला रागावलं, जेवलास का विचारलं, इतके दिवस होतास कुठे म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेतच राहिल्या. सुनंदा उठून विहिरीकडे गेली.

तेव्हापासून अस्वल आयच आहे. मला आता कोल्ह्याचं काम मिळालंय, आणि त्यावरही तिचे टोमणे असतातच. परवा त्याच तक्रारवाल्या आईने पुस्तक नाकाशी नेऊन मला विचारलं, ‘अहो, सगळ्या पानांना सुकटीचा वास लागलाय. जाईल ना हो तो?’

मी म्हटलं, ‘धुऊन तर बघा कोणी.’