सफेद्याचा राजवाडा

सुप्यात पहिला टेलिव्हिजन आला तो पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलात. लोखंडी पाइपवर उंच अँटेना चढवला होता, तरी चित्रापेक्षा मुंग्याच जास्त. समोर बाई आहे की बाप्या, हे शेजाऱ्याला विचारावं लागे. पण त्या मुंग्यांतूनही गोरेपणा मात्र बिनतक्रार पोचायचा. पडद्याला रंग नव्हता, तरी राणी उजळ आणि मोलकरीण काळी हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आमची वस्ती खिडकीबाहेर उभं राहून सिनेमा बघायची आणि एवढं ज्ञान फुकटात घरी आणायची.

आमची वस्ती म्हणजे देव्हारे नदीत सोडलेली, भिंतीभिंतीवर समता रंगवलेली. मी तर अक्षरं चळवळीच्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे वैशाख पौर्णिमेला राजपुत्र राजवाडा सोडतो ते नाटक ठरलं, तेव्हा मागं राहणारी त्याची राजकन्या माझी धाकटी बहीण होणार यात मला शंका नव्हती. सगळं नाटक पाठ असलेली ती एकटीच होती आणि तिला ते काम जिवापाड हवं होतं.

वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पन राजकन्या उजळ लागती. लोकांनी आता टीव्ही बघितलाय."

"जात मोडली, कातडीचा ठराव तेवढा मांडायचा राहिला वाटतं," मी म्हणालो.

"तू गप. पत्रकातलं बोलू नगं. तोंडाला पांढरा सफेदा लावू तिला, मिटलं."

बहीण म्हणाली, "काका, आन् तुमचा राजपुत्र? त्यो तर तव्यावानी हाय."

राजपुत्र अध्यक्षांचाच मुलगा होता. बायका खदखदून हसल्या. अध्यक्षांनी तिथल्या तिथं समता अमलात आणली : सफेदा सगळ्यांनाच लावायचा.

"मी न्हाई लावनार," बहीण म्हणाली.

"मग काम दुसरीला दिऊ."

"द्या की. बोलनार कोन?"

कुणीच पुढं आलं नाही.

पौर्णिमेला राजा, प्रधान, सारथी, दासी असा अख्खा राजवाडा नुकत्याच चुना मारलेल्या भिंतीसारखा उभा राहिला. आया आपापली पोरं ओळखायला माना लांब करत होत्या. मग बहीण आली, आपल्या स्वतःच्या चेहऱ्यानं. पुढच्या रांगेत आमची आत्या होती. हिला अंगाखांद्यावर खेळवलेली. ती शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "ही मोलकरीन हाय व्हय? राजकन्या कवा यायची?"

बहिणीनं ऐकलं. नाटकातलं पहिलं वाक्य तिनं बाजूला ठेवलं, रंगमंचाच्या कडेला आली आणि म्हणाली, "आत्या, मीच हाय राजकन्या."

मग ती बोलू लागली आणि आया आपापली पोरं शोधायच्या थांबल्या. पण आत्याची नजर शेवटपर्यंत दासीवरच होती. दासीला सफेदा चांगला बसला होता.