सुईवरची ओळ

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. अडतीस वर्षं एका घरात राहिल्या, एकाच खिडकीशी बसून स्वेटर विणले आणि एकाच गोष्टीवरून भांडल्या. गोष्ट म्हणाल तर नखाएवढी. विणलेल्या ओळी मोजताना सुईवर जे टाके असतात, ती ओळ धरायची की नाही? थोरली म्हणायची, धरायची. "सुईवर आहे म्हणजे विणून झालीय ना? मग ती काय शेजाऱ्यांची?" धाकटी म्हणायची, सुईवर आहे तोवर ती झालेली नाही, सुई निसटली की गेली. त्यामुळे थोरलीचा आकडा कायम एकानं पुढे असायचा. टाके बंद झाले की सुई निघायची आणि भांडणही मिटायचं, दुसऱ्या स्वेटरपर्यंत.

भांडायला कारणही होतं. कामाची वाटणीच तशी होती: पाठ थोरलीनं विणायची, पुढचा भाग धाकटीनं. दोन्ही भाग ओळीला ओळ जुळले तरच शिवण सरळ बसते, नाहीतर बगलेत चुणी पडते. कोपऱ्यावरचा लोकरवाला दोघींना पाठ-पोट म्हणायचा. "आज पोट एकटंच आलं?" असं विचारायचा, आणि दुसऱ्या खेपेला थोरली त्याला असं काही सुनवायची की दुकानातली गिऱ्हाईकं हसून बेजार व्हायची. धाकटीला असली उत्तरं सुचायची नाहीत. ती मोजूनमापून बोलायची. तिचं सगळं चित्त निळ्या वहीत: दर ओळीला एक उभी रेघ, पाचवी आडवी, बगलेला टाके कमी करायचे तिथं फुली. वही दोघींत एकच. डावं पान थोरलीचं, उजवं धाकटीचं.

थोरली गेली ती सुया हातात घेऊनच. दुपारचे तीन वाजले होते. "चौऱ्याऐंशी," म्हणाली, वहीत रेघ मारली, आणि तिची मान खिडकीकडे कलली. धाकटीला वाटलं, डुलकी लागली. तिनं आपली ओळ पुरी केली आणि मग हाक मारली. त्या एका ओळीचं तिला पुढे फार लागून राहिलं.

ती पाठ धाकटीच्या मुलाच्या स्वेटरची होती. थोरलीला मूलबाळ नव्हतं. त्या पोराला दोघींनी मिळूनच वाढवलं होतं. आता तो दूर, बर्फाळ मुलुखात पूल बांधायच्या कामावर होता. घरात राहिल्या धाकटी आणि सूनबाई. सूनबाई एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होती. सकाळची पाळी करून दोनच्या सुमारास घरी यायची, जेवायची आणि आतल्या खोलीत आडवी व्हायची. विणलेली पाठ सुयांसकट उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात पडून होती.

चार महिन्यांनी धाकटीनं मन घट्ट केलं आणि पुढचा भाग विणायला घेतला. सकाळी विणायची. दुपारी विणणं जमायचं नाही, कारण जाऊ गेल्यापासून तिला तीनच्या ठोक्याला झोप यायची ती चारपर्यंत, आणि आता तर उठल्यावर बोटंही ठणकायला लागली होती. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ती बोटांना तेल चोळायची. पुढचा भाग बगलेपर्यंत पोचला. त्र्याऐंशी ओळी झाल्यावर तिनं जुळवून बघायला पाठ काढली. थोरलीच्या चौऱ्याऐंशी म्हणजे हिच्या त्र्याऐंशी. दोन्ही भाग बरोबर बसायला हवे होते.

पाठ दोन ओळींनी उंच भरली.

धाकटीनं नखानं एकेक ओळ मोजली. पंच्याऐंशी. चष्मा पुसून पुन्हा मोजली. पंच्याऐंशी. मग वही उघडली. डाव्या पानावर, थोरलीच्या रेघांपुढे, आणखी दोन रेघा होत्या. शहाऐंशी. म्हणजे ज्या कुणी मोजलं होतं, त्यानं सुईवरची ओळ धरली होती.

ती घाबरली, पण भुताला नाही. तिची आई शेवटची दोन वर्षं पोटच्या मुलीला "तू कुणाची गं?" असं विचारायची, आणि दिवसभर न आलेल्या पाहुण्यांची भांडी विसळत बसायची. त्या वाटेला आपण लागलो तर? अडतीस वर्षांत जिचा टाका चुकला नाही तिचं डोकंच चुकायला लागलं तर उरलं काय? हल्ली सूनबाईही जरा जपून बोलायची. "आई, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या," असं दोनदा म्हणाली होती. धाकटीनं दोन्ही वेळा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिनं पारख करायची ठरवली. पाठीच्या सर्वांत वरच्या ओळीत लाल दोरा ओवला आणि पाठ कपाटात ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी लाल दोऱ्याच्या वर दोन ओळी होत्या. एक जाणारी, एक येणारी. वहीत अठ्ठ्याऐंशी.

आणि मग तिनं त्या ओळी चष्म्याजवळ धरून पाहिल्या. डाव्या बगलेला टाका कमी करताना थोरली दोन टाक्यांत सुई मागून घालायची. त्यामुळे तिच्या बगलेची कड अशी सुरेख वळायची की बघत राहावं. धाकटीनं ते शिकायला जंग जंग पछाडलं होतं, पण तिच्या बोटांना ती मागची सुई कधी वळलीच नाही. दर वेळी टाका गळायचा. इथं नव्या ओळीत तोच टाका होता, मागून घातलेला, स्वच्छ, सुबक.

"हे माझं काम नाही," ती मोठ्यानं म्हणाली, आणि काय सांगावं, तिला चक्क बरं वाटलं. घरात भूत असलं तर ते तिला परवडणार होतं. डोक्याला भोक पडलेलं परवडणार नव्हतं. आणि भूत तरी कुणाचं? ज्या बाईनं तिला बाळंतपणात न्हाऊमाखू घातलं तिचं.

तरी पुरावा पक्का हवा. तिनं पाठ आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली सूनबाईच्या हातात ठेवली. "ही पर्समध्ये ठेव. मी मागितली तरी द्यायची नाही. रडले, ओरडले, पाया पडले तरी नाही."

सूनबाईनं का म्हणून विचारलं नाही. किल्ली घेतली आणि पर्सची चेन लावली.

दहा दिवस धाकटीनं कळ काढली. दहाव्या दिवशी संध्याकाळी तिनं सूनबाईला कपाट उघडायला लावलं. पाठ बगल ओलांडून सरळ वर चढली होती. वहीत एकशे आठ रेघा. धाकटीचा चेहरा एखादी पैज जिंकल्यासारखा खुलला.

"बघितलंस? किल्ली तुझ्याकडे होती. आता म्हण, मला भ्रम झालाय म्हणून!"

सूनबाईनं किल्ली मुठीत आवळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"किल्ली दिलीस तू कुणाला?" धाकटीनं हळूच विचारलं.

"तुम्ही म्हणाला होता, मी मागितली तरी देऊ नकोस."

"हो. मग?"

"तुम्ही नाही मागितलीत, आई," सूनबाई म्हणाली. "काकूंनी मागितली."

धाकटी पलंगावर टेकली. सूनबाईनं मग अडखळत सगळं सांगितलं. "तीन वाजता तुम्ही उठता आणि काकूंच्या खुर्चीत जाऊन बसता. किल्ली माझ्याकडे दिलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी मी 'आई, आई' म्हणून तीनदा हाक मारली. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. मग घाबरून माझ्या तोंडून 'काकू' निघून गेलं, तर लगेच म्हणालात, 'काय गं भवाने, कान का खातेस?' त्यांच्याच आवाजात. किल्ली दे म्हणालात. मी कशी नाही म्हणणार होते?"

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाल्या, 'धाकटीला सांगू नकोस. उगाच घाबरेल.'"

 धाकटीनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. बोटं तिचीच होती, पेरं सुजलेली, लोकर ओढून तर्जनीला घट्टा पडलेली. पण तो मागून घातलेला टाका त्या बोटांना कुणी शिकवला?

"आपण उद्याच डॉक्टरांकडे जाऊ," सूनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जाऊ. पण ही पाठ झाल्यावर." धाकटीनं डाव्या पानावरचं माप पाहिलं. "खांद्याला सोळा ओळी राहिल्यात. जाऊबाईंनी आजवर काम अर्धवट टाकलेलं नाही. हे अपुरं ठेवलं तर त्या रोज येत राहतील. आणि रोज जरा जास्त वेळ बसतील."

"आणि त्या बसल्या, अन् तुम्ही परत आलाच नाहीत तर?"

धाकटीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू तीनदाच हाक मारलीस. चौथ्यांदा का नाही मारलीस?"

"घाबरले मी," सूनबाई म्हणाली.

"मारत राहायची," धाकटी म्हणाली. "काकू म्हणायचं नाही. आईच म्हणायचं. मी ओ देईपर्यंत."

दुसऱ्या दिवसापासून सूनबाई तीन वाजता समोर बसू लागली. रेघांची सवय त्या घरात लागायचीच. तीही वहीच्या एका कोऱ्या पानावर हाकांच्या रेघा मारू लागली. पहिल्या दुपारी चार ओळी झाल्या आणि सहाव्या हाकेला ओ आली. दुसऱ्या दुपारी चार ओळी, एकोणीस हाका. तिसऱ्या दुपारी शेजारीण दार ठोठावून काय झालं म्हणून विचारून गेली, तेव्हा रेघा चाळिसावर गेल्या होत्या. ओ आली एकसष्टाव्या हाकेला. धाकटीनं भानावर येऊन ते पान पाहिलं आणि तिला पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली, स्वतःसाठी.

"उद्या नको, आई," सूनबाईचा घसा बसला होता. "राहू दे अपुरा. ह्यांना मी दुकानातला पाठवीन."

"चारच ओळी," धाकटी म्हणाली. "आणि टाके बंद करायचे."

चौथ्या दुपारी तीन वाजले आणि तिच्या पापण्या जड झाल्या. मग खिडकीत ऊन होतं. ऊब होती. शेजारच्या खुर्चीत जाऊ बसली होती, आणि धाकटीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सुया एकमेकींवर हलकेच वाजत होत्या. जाऊ पुटपुटत होती, एकशे एकवीस, एकशे बावीस. किती दिवसांनी असं निवांत बसायला मिळालं होतं! कुठलंही पान जुळवायचं नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. ओळ जात होती, ओळ येत होती. मग टाके बंद होऊ लागले, एकावर एक, एकावर एक, आणि धाकटीला वाटलं, ते कधी संपूच नयेत.

कुठूनतरी आवाज येत होता. भिंतीपलीकडून असेल, किंवा खाली रस्त्यावरून. घसा बसलेला, रडवेला. कुणीतरी कुणाच्या तरी आईला हाक मारत होतं. किती वेळ मारतंय बिचारी, धाकटीच्या मनात आलं. ती बाई ओ का देत नाही?

जावेनं शेवटच्या टाक्यातून लोकर ओढून घेतली, गाठ मारली आणि रिकामी सुई मांडीवर ठेवली.

"ओ दे गं," थोरली म्हणाली. "तुलाच बोलावतायत."

"तुम्ही?"

"मला कोण बोलावतंय?"

धाकटीनं ओ दिली. डोळे उघडले तेव्हा ती थोरलीच्या खुर्चीत एकटीच होती, पाठ मांडीवर पुरी होऊन पडली होती आणि सूनबाई तिचे दोन्ही खांदे धरून अजूनही आई, आई म्हणत होती. ती ओ सूनबाईला ऐकूच गेली नव्हती. धाकटीनं पुन्हा एकदा ओ दिली, जरा मोठ्यानं, आणि मग जावेसाठी पहिल्यांदा पोटभर रडली.