फेब्रुवारीतली चिठ्ठी

बहिरू वारुंगसे यांनी चोवीस वर्षं एसटी चालवली आणि त्यांच्या गाडीखाली कधी कुत्रंसुद्धा आलं नाही. सिन्नर डेपोत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना नव्हतं त्यांना बहिरूमामा स्वतः सांगत. एरवी माणूस अबोल. पण मोहदरी घाटात ब्रेक फेल झालेला टेम्पो आपण कसा चुकवला, हा विषय निघाला की ऐकणाऱ्याचा चहा गार झालाच म्हणून समजा.

या अभिमानाला कारण होतं. त्यांचे वडील ट्रकवर होते. एका अपघातात एक माणूस गेला आणि त्यानंतर त्यांच्या हातात कोणी गाडी दिली नाही. उरलेली वीस वर्षं ते घराच्या ओट्यावर बसून राहिले. गाव त्यांना त्या अपघातानंच ओळखायचं. पंचवीस वर्षं विनाअपघात झाली की डेपोत सत्कार होतो, खिशावर लावायला बिल्ला मिळतो. तो बिल्ला मामांना वडिलांसाठी हवा होता, हे त्यांनी फक्त बायकोला, उज्वलाबाईंना, एकदा सांगितलं होतं.

दिवाळीच्या सुमारास संडासला रक्त पडायला लागलं. मामांना त्यात काही नवल वाटलं नाही. शेजारी तापलेलं इंजिन, आठ-आठ तासांची बैठक, वर लघवी-संडास दोन्ही दाबून धरायची सवय. डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हरांना मूळव्याध होती आणि उरलेले निम्मे सांगत नव्हते.

"ड्रायव्हर म्हणल्यावर हे आलंच बहिरू," त्यांचा जुना जोडीदार गोरक्ष म्हणाला. "लायसनसोबतच मिळती ही."

त्यानंच उपाय लावून दिले. सुरणाची भाजी, अनशापोटी सब्जाचं पाणी, बुडाखाली हवेची ट्यूब. मामांनी सगळं मन लावून केलं. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. रक्त थांबेना. पोट कधी चार दिवस साफ होईना, तर कधी घाई इतकी की घोटीच्या फेरीत दोनदा गाडी रस्त्यात उभी करून धावावं लागलं. पॅन्टच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. शेवटी कंडक्टर सविता म्हणाली, "मामा, दवाखान्यात दाखवा. नायतर मी घरी फोन करीन."

म्हणून ते फेब्रुवारीत सिन्नरमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी पोट दाबून पाहिलं, बोटानं आतून तपासलं. मामा लाजेनं भिंतीकडे तोंड करून पडले होते. रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन आठवर आलं होतं.

"मूळव्याध मला तरी दिसत नाहीये," बाई म्हणाल्या. "रक्त वरून, आतड्यातून येतंय. गाठ असू शकते. नाशिकला दुर्बीण टाकून बघावं लागेल. मी चिठ्ठी देते, याच आठवड्यात जा."

"कॅन्सर हे का?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू? असला तरी लवकर सापडला तर बरा होतो. म्हणूनच घाई करा. आणि इतकं रक्त कमी असताना गाडी चालवू नका, डेपोत कळवा."

इथंच घोडं अडलं. डेपोत कळवलं की साहेब टेबलकामावर बसवणार आणि स्टिअरिंग सुटलं की वर्षांची मोजणी थांबणार, असं ड्रायव्हर मंडळी धरून चालत. खरं-खोटं साहेबाला विचारायला कोणी गेलं नव्हतं. मामाही गेले नाहीत. पंचवीस वर्षांना फक्त सहा महिने बाकी होते. त्यांनी चिठ्ठी लायसनच्या पाकिटात ठेवली आणि घरी सांगितलं, "मूळव्याधच हे. गोळ्या दिल्यात."

बाईंनी रक्त वाढायला दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी इमानानं घेतल्या. थोडी तरतरी आली आणि तिथंच घात झाला. तरतरी आली म्हणजे दुखणं हटलं, असं माणसाला वाटतंच, त्यातून वाटून घ्यायचंच असलं तर फारच. मला या माणसाचा राग येतो आणि तो पुरता येतही नाही. गाडीतल्या पन्नास जिवांची काळजी वाहणाऱ्या मामांच्या मोजणीत एक्कावन्नावा जीव कधी आलाच नाही. आणि असल्या रक्तावर घाटातून गाडी नेताना त्या पन्नासांनाही त्यांनी दैवावरच टाकलं होतं, हे त्यांना कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

पंधरा ऑगस्टला सत्कार झाला. उज्वलाबाई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. साहेबांनी बिल्ला लावला तेव्हा मामांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. लोकांना वाटलं, गहिवरले. गहिवरले तर होतेच.

तिसऱ्या दिवशी मामा चक्कर येऊन मोरीत पडले. मग नाशिक, दुर्बीण, तुकडा तपासायला, स्कॅन. आठवड्यानं दोघं रिपोर्टसाठी पुन्हा नाशिकला, मुंबई नाक्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जुने कागद मागितले. मामांनी पाकिटातून चिठ्ठी काढून दिली. डॉक्टरांनी ती वाचली, वरची तारीख पाहिली.

"ही फेब्रुवारीची आहे. मधे कुठे दाखवलं होतं?"

"नाय साहेब."

डॉक्टरांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. गाठ आतड्यात होती, ती यकृतापर्यंत गेली होती. औषधं देता येतील, दिवस वाढवता येतील. पुरतं बरं होणं आता अवघड होतं. उज्वलाबाई टेबलावरच्या त्या चिठ्ठीकडे बघत होत्या. ती त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली होती.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले. घाट लागला तशी त्यांची पावलं नकळत ब्रेक दाबू लागली.

"फेब्रुवारीतच मला का नाय सांगितलं?" उज्वलाबाईंनी विचारलं.

"तू डेपोत जाऊन साहेबाला सांगितलं असतं."

"सांगितलंच असतं."

"म्हणून नाय सांगितलं."

मामांना वाटलं, आता ती रडेल, नाहीतर चार माणसांत भांडेल. दोन्ही चाललं असतं. त्यांनाही रडायचं होतं, पण आधी कोणी रडावं हे ठरत नव्हतं.

"मामंजी वीस वर्षं ओट्यावर बसून होते," उज्वलाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "गाव काय बी म्हणत होतं. पण सासूबाईंना रोज दोन भाकरी जास्त थापाव्या लागायच्या, अन् त्या खुशीनं थापायच्या. तुम्ही बी बसले असते ओट्यावर. मी काय नको म्हणले असते का?"

मामांनी तिचा हात धरला. पंचवीस वर्षं ज्या रस्त्यानं गाडी नेली तो रस्ता बाहेर मागं जात होता आणि त्यांना मान वर करून तो बघवत नव्हता.