परराष्ट्र सरांची वाटी

परराष्ट्र सरांचं कुणाशी वाजलं, की दुसऱ्या दिवशी त्या घरी सरांकडून वाटी यायची. पातोडीचा रस्सा, झुणका, जे केलं असेल ते. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ती पदराखाली झाकून आणत. "संबंध बिघडले तरी वकिलात बंद करू नये," हे सरांचं धोरण. वाटी रिकामी परत करायची आमच्याकडे रीत नाही. त्यामुळे समोरच्यालाही काहीतरी घालून सरांच्या दारात जावंच लागे, आणि बोलणी सुरू होत.

सर वर्ध्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत आणि प्रत्येक गोष्ट परराष्ट्र धोरणावर आणत; नाव त्यातूनच पडलं. मी त्यांचा विद्यार्थी. शिवाय पवनारला आमच्या शेतांचा धुरा, म्हणजे बांध, एकच. निवृत्तीनंतर ते पूर्णवेळ भाजीपाल्यात उतरले, पण वर्ग काही सुटला नाही. शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जगाचा नकाशा टांगलेला. मोबाइलवर कुठल्या युद्धाची बातमी आली, की फवारणीचा पंप पाठीवर तसाच ठेवून ते मला नकाशापाशी ओढत नेत. माझी मिरची वाळायची, पण मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

"सत्ता म्हणजे रणगाडे नाई," ते म्हणत. "तू नाई म्हटलं, का समोरच्याची झोप उडाली पाह्यजे. ते तुही सत्ता." एकदा वरचा शेतकरी कालव्याच्या पाण्याची माझी पाळी खाऊ लागला. सरांनी मला नवे पाइप आणून त्याच्या धुऱ्यालगत नुसते मांडून ठेवायला लावले. जोडायचे नाहीत; मी थेट कालव्यातून पाणी ओढणार, असं त्याला वाटलं म्हणजे झालं. दोन दिवस त्यानं ते पाहिले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन माझी पाळी कोणती ते विचारून गेला. सर आठवडाभर खुशीत होते.

म्हणून वर्ध्याच्या बाजारात अडत्या जेव्हा 'माल खराब' म्हणून प्रत्येकाच्या वजनात मनमानी कापाकापी करू लागला, तेव्हा आम्ही सरांकडेच गेलो. नकाशाखाली बसून त्यांनी आम्हा पाच जणांचा करार लिहिला. कलम पहिलं: एकाच्या मालावर हात पडला, तर पाचही जण आपला माल उचलतील. "एकट्याले कोणीबी दाबते," सर म्हणाले. "पाचाले दाबून पाहा म्हना!" आम्ही सह्या केल्या. पहिली सही सरांची.

चौथ्याच दिवशी अडत्यानं माझ्या वांग्यांवर हात टाकला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "नाई देत," आणि क्रेट उचलून बाहेर आलो. मागे वळूनही पाहिलं नाही, कारण मागे सर होते. बाहेर उभा राहिलो. कुणीच येईना. म्हणून आत डोकावलो, तर सरांची फुलकोबी काट्यावर चढली होती. सरांनी दिली म्हटल्यावर उरलेल्या तिघांनीही दिली. अडत्यानं त्या हंगामात माझ्या मालाकडे पुन्हा पाहिलं नाही. ती वांगी मी गाईंना घातली.

"राग नको मानू," सर बाहेर आल्यावर म्हणाले. "फुलकोबी थांबत नाई गड्या. देशाले पहिले आपलं हित पाहा लागते. हेच तं शिकवलं होतं तुले."

"मी का देश हाय का, सर?" मी म्हणालो. "मी तं तुमचा शेजारी हाय."

सरांनी चष्मा पुसायला काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वाटी घेऊन आल्या. पातोडीचा रस्सा, माझ्या आवडीचा. काकूंचा काही दोष नव्हता, म्हणून ठेवून घेतला. बायको रीतीप्रमाणे वाटीत गूळ घालायला निघाली, तेव्हा मी तिच्या हातून वाटी घेतली, घासली, कोरडी केली आणि स्वतः नेऊन सरांच्या हातात दिली. त्यांनी आत पाहिलं.

"काईच नाई टाकलं?"

"नाई."

त्यानंतर आमच्याकडे वाटी आली नाही. धुरा एकच आहे, सर रोज दिसतात; मी त्यांच्याकडे पाठ करून निंदण करतो.

मी आता माल सिंदीच्या बाजारात नेतो. तिथले चार जण परवा म्हणाले, आपण एकत्र राहू, तू शिकलेला आहेस, दोन कलमं लिहून काढ. मी वही घेऊन बसलो. सरांचं पहिलं कलम अजून जसंच्या तसं पाठ आहे. लिहून झालं, वाचून पाहिलं, आणि ते मला पुन्हा खरं वाटलं. सरांचा सगळ्यात जास्त राग मला त्या क्षणी आला.