गर्दी बंद, टाळ्या चालू

कापसाची गाडी घेऊन मी दिग्रसच्या खरेदी केंद्राबाहेर तीन दिवस रांगेत होतो. समोरच सायबर कॅफे होता. धाकटा भाऊ गाडीजवळ थांबला की मी तिथं क्रिकेटचा गेम खेळत बसायचो.

कॅफेवाला पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. टेस्टर अजून त्याच्या कानामागेच असे. कॉम्प्युटर जुना. बॉलर धावत यायचा आणि अर्ध्यातच थिजायचा. मग कॅफेवाला माऊस पँटीला पुसायचा, ग्राफिक्सच्या सेटिंग उघडायचा आणि एकेक गोष्ट बंद करायचा. आधी सावल्या गेल्या, मग गवत गेलं.

“सावली कायले पाह्यजे तुले? मॅच खेळून राह्यला का उन्हात बसून राह्यला?”

तिसऱ्या दिवशी त्यानं प्रेक्षकही काढले. गेम पाण्यासारखा चालू लागला.

त्याच दुपारी कापूसवाल्यांचे हाल पाहायला मोठे साहेब येणार होते. म्हणून पोलिसांनी आमच्या साऱ्या गाड्या जिनिंग मिलच्या मागं, नाल्याकडं हाकलल्या. रस्ता झाडला, मांडव घातला. कॅफेवाला दारातून पाहत होता. टेस्टरनं कान खाजवत म्हणाला, “पाह्य भाऊ, त्यायनंही गर्दी बंद केली. आता दौरा कुठीच अटकत नाही.”

मी खुर्चीत परतलो आणि षटकार मारला. स्टेडियममध्ये चिटपाखरू नव्हतं, तरी टाळ्या कडाडल्या.

“माणसं काढली, मग टाळ्या कोण वाजवून राह्यलं?” मी विचारलं.

“टाळ्यायचा लोड नाही येत मशीनवर,” तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेरच्या मांडवातूनही टाळ्या ऐकू आल्या.